चेतापेशींचे शेजारी



एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेलं हे व्यासपीठ आहे. संयोजकांनी मला एवढंच सांगितलं होतं, की विषय विज्ञानाचा घ्या, सोपा करून सांगा, पण सोपा करता करता खोटा करू नका. ही अट मला मनापासून पटली. म्हणून मी गेली अनेक वर्षं ज्या मुलांमध्ये काम करतो आहे, त्यांच्याच मेंदूविषयी आज बोलणार आहे.

तुमच्यापैकी शिक्षक असतील त्यांनी असं मूल पाहिलेलं आहे. घंटा वाजली की ते कानांवर हात घट्ट दाबतं. नजरेला नजर देत नाही. आनंद झाला किंवा घाबरलं, की दोन्ही हात फडफडवतं. बोलायला उशिरा लागलेलं असतं, आणि कधीतरी पाचव्या-सहाव्या वर्षी एकदम आकडी येते. शाळेत त्याला ‘मंद’ म्हणतात, घरी ‘हट्टी’, आणि आकडी आल्यावर ‘बाहेरचं काहीतरी’. डॉक्टरांकडेही त्याच्या फाइलवर वेगवेगळी नावं चढतात: स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अपस्मार. नावं वेगळी असली तरी यांतल्या अनेक विकारांत खाली एक समान गोष्ट सापडते. मेंदूतल्या चेतापेशी गरजेपेक्षा जास्त, किंवा नको त्या वेळी, संदेश सोडत राहतात. आवाज सहन न होणं आणि आकडी येणं ही दोन टोकं वाटतात, पण मेंदूच्या बाजूनं पाहिलं तर ती एकाच रस्त्यावर आहेत.

अशी मुलं किती आहेत? २०१८ साली आपल्या देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची त्यात घरोघर जाऊन तपासणी झाली. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा होता. ऐकणं-पाहणं, बोलणं, शिकणं, अपस्मार, स्वमग्नता असे सगळे विकासाचे विकार धरले, तर जवळपास आठ मुलांमागे एका मुलाला त्यातलं निदान एक काहीतरी होतं. म्हणजे प्रत्येक वर्गात.

आता या चेतापेशी अशा का वागतात, हा प्रश्न. शंभर वर्षं आपण त्याचं उत्तर चेतापेशीतच शोधलं. तिचं पटल तपासलं, तिच्यातल्या वाहिन्या तपासल्या, औषधंही तिच्यासाठीच केली. हा शोध वाया गेला नाही. पण चेतापेशी मेंदूत एकटी राहत नाही, आणि तिचं वागणं ठरवण्यात तिच्या शेजारच्या पेशींचा हात किती मोठा आहे, हे आपल्याला फार उशिरा कळलं. आज मला सांगायचं आहे ते हेच.

जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या पेशींची नोंद केली, तेव्हा त्याला ती चेतापेशींच्या मधली भरणी वाटली. पुढे स्पेनच्या रामोन इ काहाल यानं त्यांची अतिशय देखणी चित्रं काढली. १९०६ सालचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांपैकी हा एक. तरीही पाठ्यपुस्तकात या पेशींच्या वाट्याला एखादा परिच्छेद आला, आणि त्यातही एक चूक कित्येक दशकं छापली गेली: या पेशी चेतापेशींच्या दसपट आहेत, अशी. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी नीट मोजणी केली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तितक्याच, म्हणजे ८५ अब्जांच्या आसपास, इतर पेशी भरल्या. यांतल्या एका प्रकाराबद्दल मी आज बोलणार आहे. चांदणीसारखे फाटे फुटलेली ही पेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट. मराठीत तिला तारकापेशी म्हणतात.

आणि माणसाची तारकापेशी खरोखर विलक्षण आहे. उंदराच्या तारकापेशीच्या मानानं तिचा व्यास अडीचपटीहून जास्त असतो आणि तिचे मुख्य फाटे दसपट असतात. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. माणसाच्या एका तारकापेशीच्या कवेत अशा वीस लाखांपर्यंत चेतासंधी असू शकतात. वीस लाख संभाषणांच्या मध्ये बसलेली पेशी नुसती भरणी कशी असेल?

ती करते काय, ते पाहू. चेतापेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेर फार थोडं. आत-बाहेरचा हा फरक चाळीस-पन्नासपटीचा आहे, आणि त्याच्याच जोरावर पेशी शांत बसू शकते. पेशीनं संदेश सोडला की थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. पुन्हा पुन्हा सोडला तर बाहेर साचत जातं. साचलं की आसपासच्या सगळ्याच पेशी उत्तेजनाच्या उंबरठ्याजवळ येतात आणि जराशा निमित्तानं पेटतात. त्या पेटल्या की आणखी पोटॅशियम बाहेर. तुम्ही भातखाचरांतली माणसं आहात. आषाढात एका खाचरात पाणी चढायला लागलं, की तुम्ही बांधाचं तोंड मोकळं करून जादा पाणी खालच्या खाचरांत सोडता, म्हणून रोप कुजत नाही आणि बांधही फुटत नाही. तारकापेशी नेमकं हेच करतात. त्या एकमेकींना बारीक मार्गांनी जोडलेल्या असतात. एकीनं साचलेलं पोटॅशियम आत घ्यायचं आणि शेजारणींमध्ये पांगवून टाकायचं, हे काम अहोरात्र चालू असतं.

दुसरं काम ग्लुटामेटचं. मेंदूत उत्तेजनाचा निरोप मुख्यत्वे हे रसायन पोचवतं. निरोप पोचला की ते तिथून ताबडतोब उचललं गेलं पाहिजे, नाहीतर समोरची पेशी उत्तेजितच राहते. उचलण्याचा मोठा भार तारकापेशीवर आहे. ती ग्लुटामेट आत घेते, त्याचं निरुपद्रवी ग्लुटामाइन करते आणि चेतापेशीला परत देते.

यातली एखादी गोष्ट बिघडली तर? पोटॅशियम आत घेण्यासाठी तारकापेशीत जी वाहिनी असते तिचं नाव किर ४.१. २००९ साली वैद्यकाला एका नव्या आजाराची ओळख पटली. मुलाला तान्हेपणीच फिट येतात, चालताना तोल जातो, कानानं कमी ऐकू येतं आणि मूत्रपिंडातून क्षार वाहून जातात. मेंदू, कान आणि मूत्रपिंड यांचा एकमेकांशी काय संबंध? तर तिन्ही ठिकाणी हीच वाहिनी कामाला असते आणि या मुलांत तिचं जनुक बिघडलेलं असतं. मेंदूत ही वाहिनी प्रामुख्यानं तारकापेशींची, आणि फिट मात्र चेतापेशींची. तारकापेशी बिघडली तर मुलाला अपस्मार होऊ शकतो, याचा माणसातला याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या घरांशी संबंधित आहे. हा आजार आई आणि वडील अशा दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मी कुणाच्या चालीरीतीला नावं ठेवायला आलेलो नाही. पण ज्या घरात अशा लग्नातून झालेल्या एका मुलाला फिट, बहिरेपण किंवा विकासात मागेपणा आहे, त्या घरानं पुढच्या मुलाआधी जनुकीय सल्ला घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पुण्याकडे येऊ. पाषाणला ‘आयसर’ ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. सुहिता नाडकर्णी मेंदूच्या गणिती प्रतिकृतींवर संशोधन करतात. त्याआधी अमेरिकेत, ओहायो विद्यापीठात असताना, २००३ साली त्यांनी पीटर युंग यांच्यासह एक शोधनिबंध लिहिला. तोपर्यंतच्या बहुतेक प्रतिकृतींत चेतापेशी एकटी असे. यांनी तिच्याशेजारी एक तारकापेशी बसवली. चेतापेशीनं सोडलेलं ग्लुटामेट तारकापेशीला लागतं, तिच्या आत कॅल्शियमची लाट उठते, आणि त्या लाटेसरशी ती चेतापेशीकडे उलट उत्तेजन पाठवते, असं चक्र त्यांनी समीकरणांत मांडलं. तारकापेशीवरचे ग्लुटामेट ओळखणारे ग्राहक प्रमाणाबाहेर वाढले, तर काय होतं? बाहेरून कुठलीही चिथावणी नसताना ती जोडी आपोआप पेटत राहते. आणि अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या ऊतींमध्ये असे वाढलेले ग्राहक आढळलेले होते. तो निबंध भौतिकशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आला. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं: अपस्माराची ही नवी यंत्रणा असेल का? मला ते प्रश्नचिन्ह फार आवडतं. तारकापेशी खरोखर अशी ग्लुटामेट सोडते का, यावर त्यानंतर वीस वर्षं वाद झाला. काही प्रयोगशाळांनी होय म्हटलं, काहींनी ठामपणे नाही. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या व्होल्तेरा यांच्या गटानं दाखवलं, की सगळ्या तारकापेशी नव्हे, पण त्यांतला एक विशिष्ट गट हे काम करतो. वाद करणाऱ्या दोन्ही बाजू बहुधा वेगवेगळ्या पेशींकडे पाहत होत्या.

आता आजच्या व्याख्यानाचा गाभा. फ्रॅजाइल एक्स नावाचा आजार आहे. एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक त्यात बंद पडतं. १९९१ साली ते सापडलं. त्या जनुकाच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो दोनशेहून जास्त वेळा आला, की जनुक मुकं होतं आणि त्यापासून बनणारं प्रथिन मिळेनासं होतं. सुमारे चार हजार मुलग्यांत एकाला हा आजार असतो. मुलींत कमी आणि सौम्य. सुरुवातीला मी ज्या मुलाचं वर्णन केलं, कानांवर हात, नजर चुकवणं, हात फडफडवणं, ते याच आजाराचं वर्णन म्हणून चालेल. स्वमग्नतेच्या ज्या कारणांना एकच जनुक जबाबदार असतं, त्यांत हे सर्वांत जास्त आढळणारं.

बंगळुरूच्या संशोधन संस्थांत सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं एडिंबरा विद्यापीठाबरोबर या आजारावर वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. श्रेया दास शर्मा आणि सहकाऱ्यांचा २०२३ सालचा निबंध मी तुम्हाला सावकाश सांगणार आहे, कारण प्रयोग कसा रचावा याचा तो धडा आहे. मुलाच्या मेंदूचा तुकडा काढून कुणी प्रयोग करत नाही. म्हणून माणसाच्या मूळपेशींपासून त्यांनी प्रयोगशाळेत चेतापेशी तयार केल्या आणि तारकापेशीही तयार केल्या. काही निरोगी, काही फ्रॅजाइल एक्सच्या. मग त्यांच्या जोड्या लावल्या. निरोगी चेतापेशी निरोगी तारकापेशींच्या सोबतीत ठेवल्या, तर त्या अधूनमधून आणि लांबलेल्या झोतांत संदेश सोडत. आजारी चेतापेशी आजारी तारकापेशींसोबत ठेवल्या, तर झोत वारंवार येत आणि आखूड असत. इथपर्यंत नवल नाही.

नवल पुढे आहे. आजारी चेतापेशी त्यांनी निरोगी तारकापेशींच्या शेजारी वाढवल्या. जनुक त्यांच्यात तसंच बंद होतं, प्रथिन तसंच गायब होतं. तरीही त्यांचे झोत निरोगी पेशींपासून वेगळे ओळखू येईनात! मग उलट केलं: निरोगी चेतापेशी आजारी तारकापेशींच्या शेजारी. त्या बिघडल्या. चेतापेशी कशी वागणार, हे तिच्या स्वतःच्या जनुकापेक्षा तिच्या शेजारणीच्या जनुकावरून ठरत होतं.

त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. तारकापेशी शेजारी हवीच का, की तिनं सोडलेलं काहीतरी पुरे होईल? निरोगी तारकापेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या तो द्रव फक्त त्यांनी आजारी चेतापेशींना दिला. तेवढ्यानं भागलं. त्या द्रवातला कामाचा पदार्थही त्यांनी हुडकला: एस-१००-बीटा नावाचं, कॅल्शियमला धरून ठेवणारं प्रथिन. चेतापेशीत सोडियमचा एक मंद, टिकून राहणारा प्रवाह असतो. फ्रॅजाइल एक्समध्ये तो दबलेला होता, आणि या प्रथिनानं तो पुन्हा वर आणला.

उंदरांत असा इशारा आधी मिळालेला होता. कॅनडातल्या जेकब्स आणि डोअरिंग यांनी २०१० सालीच दाखवलं होतं, की निरोगी तारकापेशींच्या सहवासात फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांच्या चेतापेशींची वाढ सुधारते. मुलींमध्ये होणारा रेट विकार घ्या. २०११ साली उंदरांत बंद पडलेलं त्याचं जनुक फक्त तारकापेशींत पुन्हा सुरू केलं, तर त्यांचं चालणं, श्वास आणि आयुष्य सुधारलं. पण माणसाच्या पेशींत, इतक्या नेमकेपणानं, आणि तेही आपल्या देशातल्या प्रयोगशाळेत हे दिसलं, याचं मला मोल वाटतं.

उद्या कुणी वर्तमानपत्रात वाचेल, ‘स्वमग्नतेवर औषध सापडलं’. तसं नाही. हे बशीतल्या पेशींत दिसलं आहे. एस-१००-बीटाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून हे प्रथिन जास्त तयार होतं, आणि जास्त झालं की अपायकारक ठरतं. शिवाय स्वमग्नता हे एका कारणाचं दुखणं नाही. सगळ्याच मुलांच्या तारकापेशी बिघडलेल्या आहेत असं म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही.

तरीही औषधाची दिशा इथून दिसते. आज आपण देतो ती फिटांची बहुतेक औषधं चेतापेशीच्या वाहिन्यांवर किंवा ग्राहकांवर काम करतात. साधारण एक तृतीयांश रुग्णांना त्यांनी पुरेसा गुण येत नाही. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारात उंदरांच्या फक्त तारकापेशींतून संबंधित जनुक काढलं, तरी त्यांना फिट येऊ लागल्या. ग्लुटामेट आणि पोटॅशियम उचलण्याची त्या तारकापेशींची ताकद कमी झालेली होती. पेशींच्या आतला जो मार्ग या आजारात मोकाट सुटतो, त्याला आवर घालणारं एव्हरोलिमस हे औषध आता या आजाराच्या फिटांवर वापरलं जातं. त्याच्या परिणामातला किती वाटा तारकापेशींमुळे आहे, हे वेगळं काढणं अवघड आहे, पण मूळ कारणाच्या जवळ जाणारं ते औषध आहे.

या आजाराची एक खूण अंगणवाडी सेविकांनी आणि आशाताईंनी लक्षात ठेवावी. बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट डाग दिसतात. एक-दोन डाग कुणालाही असू शकतात. तीन किंवा जास्त असतील तर दाखवावं. आणि चार-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर ओळीनं दचकल्यासारखं करत असेल, मान व हात पुढे झुकवत असेल, तर ते पोटदुखी किंवा नजर लागणं नव्हे. मोबाइलवर त्याचं चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. या प्रकारच्या झटक्यांत उपचाराला जितका उशीर, तितकी बुद्धीची हानी जास्त.

मोठ्या मुलाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा, पाणी, काही घालू नका. चप्पल हुंगवू नका, कांदाही नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. गोळी चुकवू नका. भाटघर धरणामागच्या वाड्यांतून, तोरण्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून पावसाळ्यात बाजारगावी येणं किती कठीण असतं, ते मी जाणतो. आरोग्य खात्याला माझी विनंती आहे, की फिटांच्या रुग्णांना ज्येष्ठातच तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. एखादी एस.टी. रद्द झाली म्हणून मुलाला फिट येणं हे टाळता येण्यासारखं आहे.

आता त्या मुलाच्या आईविषयी. ग्रहण पाळलं नाही, डोहाळ्यांत भलतं खाल्लं, हातात मोबाइल दिला, लक्ष दिलं नाही: मूल वेगळं निघालं की बोट तिच्याकडे जातं. पाश्चात्त्य देशांतही विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे तज्ज्ञ हेच म्हणत होते, की आई मायेनं वागत नाही म्हणून मूल स्वमग्न होतं. ते साफ चूक ठरलं. पोटॅशियमची वाहिनी आईच्या मायेनं उघडत नाही आणि तिच्या चुकीनं बंद होत नाही. या सभागृहात अशी एखादी आई बसली असेल, तर तिनं हे माझ्याकडून ऐकून जावं.

लग्नाचीही हीच गोष्ट. फिट येतात हे लपवून लग्नं होतात, मग गोळ्याही लपवल्या जातात, त्या चुकतात, आणि फिट सासरी येते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाच्या आड येणारी अट होती. १९९९ साली संसदेनं ती काढून टाकली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला ‘संवेदना’ हा अपस्माराच्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट आहे. तिथे लोक आपला आजार उघडपणे बोलतात. असं बोलणं आपल्या तालुक्यातही सुरू व्हायला हवं. गर्भधारणेआधी फिटांची गोळी कधी कधी बदलावी लागते, विशेषतः व्हॅलप्रोएट, कारण त्यानं गर्भातल्या बाळात व्यंगाचा आणि स्वमग्नतेचा धोका वाढतो. पण ती स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांकडूनच बदलून घ्यायची. आजार लपवला असेल तर ही चर्चा होणारच नाही.

शेवटी फ्रॅजाइल एक्सचीच एक गोष्ट सांगतो, कारण ती घराघराला उपयोगी आहे. त्या तीन अक्षरी तुकड्याची संख्या दोनशेच्या वर नसून ५५ ते २०० असेल, तर जनुक मुकं होत नाही, पण धोका असतो. अशा पुरुषाला उतारवयात हात कापण्याचा आणि तोल जाण्याचा आजार होऊ शकतो. २००१ साली तो प्रथम वर्णिला गेला. मृत्यूनंतर अशा रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा चेतापेशींच्या केंद्रकांत प्रथिनांचे कण साठलेले दिसले, आणि तारकापेशींच्या केंद्रकांतही. हा पुरुष ती प्रत आपल्या प्रत्येक मुलीला देतो. मुलीची पाळी कधी कधी चाळिशीच्या आत जाते. आणि तिच्या मुलात ती संख्या दोनशेच्या पुढे जाऊ शकते. आजोबांचा कंप एका डॉक्टरकडे, आईची पाळी दुसऱ्याकडे, मुलाचं न बोलणं तिसऱ्याकडे, आणि तिघांचं मूळ एका जनुकात! म्हणून मुलाला तपासायला न्याल, तेव्हा आजोळची माहिती आठवणीनं सांगा: आजोबांचे हात कापतात का, मावशीची पाळी लवकर गेली का, मामेघरी किंवा मावसघरी असं मूल आहे का. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. बाकी तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते.

आता तुमचे प्रश्न घेतो. कुणाला आपल्या घरातल्या मुलाबद्दल विचारायचं असेल आणि इथे चारचौघांत नको वाटत असेल, तर मी कार्यक्रमानंतर थांबणार आहे.